वाढत्या वयाचीं हाडें

शास्त्राच्या खोलींत टांगलेला सांगाडा पाहून विद्यार्थ्यांच्या मनांत एक समज सहज रुजतो. तो असा कीं, हाडें म्हणजे घराचे खांब आणि वासे. एकदां उभे केले कीं काम संपलें. सांगाडा मेलेला असतो म्हणून हा समज होतो. जिवंत माणसाच्या देहांतील हाड ओलें, किंचित् गुलाबी व रक्तवाहिन्यांनीं भरलेलें असतें. तें मोडलें तर दुखतें आणि पुढें आपलें आपण सांधलेंही जातें. वाशाला हें साधत नाहीं. हाडांचीं नांवें पाठ करून घेण्याचा येथें आमचा हेतु नाहीं. ती यादी पाठ्यपुस्तकांत आहेच. शाळेच्या वयांत हाडांचें काय चाललेलें असतें, हें मुलांना, व त्यांहून अधिक त्यांच्या पालकांना, कळावें एवढीच इच्छा आहे.

प्रथम संख्येचा प्रश्न, कारण परीक्षेंत तोच येतो. प्रौढ माणसाच्या शरीरांत साधारणपणें २०६ हाडें असतात. त्यांपैकीं १०६ नुसतीं हातापायांच्या पंजांतच आहेत. मनगट धरून प्रत्येक हातांत २७ व घोटा धरून प्रत्येक पावलांत २६. चरकसंहितेंत ही संख्या ३६० व सुश्रुतसंहितेंत ३०० दिलेली आढळते. हें वाचून कोणीं हंसूं नये. चरकांच्या मोजणींत दांत आणि नखेंही धरलेलीं आहेत. काय मोजावयाचें हें ठरविल्यावांचून मोजणीस अर्थ नसतो. शिवाय हाडांची संख्या जन्मभर एकच राहत नाहीं. नवजात बालकांत ती तीनशेंच्या आसपास असते. पुढें कित्येक हाडें एकमेकांस जुळून एक होतात. आई बाळाच्या ज्या टाळूवर तेल घालते, ती कवटीच्या हाडांमधली अजून न भरलेली जागा होय. ती बहुधा दीड वर्षाच्या सुमारास भरून येते.

मनगटाची गोष्ट याहून नवलाची आहे. १८९५ सालीं जर्मनींत राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत हाडें व बोटांतील अंगठी स्पष्ट उमटली. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या हाताचें तसें चित्र घेतलें तर मनगटाच्या ठिकाणीं रिकामी जागा दिसते! मनगटाचे आठही तुकडे तेथें असतात. परंतु ते कूर्चेचे, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागांत असतो तशा लवचिक पदार्थाचे असतात, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत कूर्चा दिसत नाहीं. पहिल्या कांहीं महिन्यांत दोन तुकड्यांत हाडाचा कण उमटतो. मग वर्षें लोटतील तसे एकेक, आणि शेवटचा बहुधा नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. यावरून मुलाच्या वयाचा अंदाज बांधतां येतो, व खेळांच्या वयोगटाच्या सामन्यांत अशी तपासणी करण्याची रीत हल्लीं पडली आहे. महाराष्ट्रांत मागील पिढ्यांतील असंख्य माणसें कागदोपत्रीं १ जून रोजीं जन्मलेलीं आहेत. शाळेंत नांव घालतांना खरी तारीख ठाऊक नसली कीं मास्तर ती लिहून मोकळे होत. हाड इतकें सोयिस्कर वागत नाहीं. मात्र निरोगी मुलांतही हाडांचें वय व जन्मतारखेचें वय यांत वर्ष-दीड वर्षाचें अंतर असूं शकतें, हें न्याय करणारानें विसरूं नये.

हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ अशाच कूर्चेची एक पातळ चकती असते. उंची वाढते ती तेथेंच. चकतींत नवी कूर्चा तयार होत जाते आणि तिच्या मागोमाग हाड बनत येतें. मुलींत साधारण चवदाव्या-सोळाव्या वर्षीं व मुलांत त्यानंतर एक-दोन वर्षांनीं या चकत्या भरून हाडमय होतात. मग कोणत्याही चूर्णानें किंवा आडव्या दांडीला लोंबकळल्यानें उंची वाढत नाहीं. जाहिराती करणारांस हें ठाऊक असतें. विकत घेणारांस नसतें.

आतां हाड कशाचें बनतें तें पाहूं. कोंबडीच्या तंगडीचें हाड स्वच्छ करून व्हिनिगरांत बुडवून ठेवावें व दर दोन दिवसांनीं व्हिनिगर बदलावें. आठवड्याभरांत तें रबरासारखें वांकूं लागतें, कारण त्यांतील खनिज विरघळून जातें व चिवट तंतू तेवढे उरतात. उलट तेंच हाड निखाऱ्यांत भाजलें तर तंतू जळून जातात व उरलेलें खनिज खडूसारखें चुरतें. दोन्ही मिळून हाड होतें. वजनानें सुमारें दोन तृतीयांश खनिज.

या खनिजांत मुख्य भाग चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. प्रौढ शरीरांत तो सुमारें एक किलो असतो आणि त्यांतील ९९ टक्के हाडांत व दांतांत साठलेला असतो. उरलेला एक टक्का लहान दिसला तरी हृदयाचे ठोके व स्नायूंचें चलनवलन त्यावांचून होत नाहीं. म्हणून अन्नांतून चुना कमी आला तर शरीर तो हाडांतून काढून रक्ताला पुरवितें. या पेढींतील बहुतेक ठेव विसाव्या वर्षापर्यंतच जमा होते. तिशीनंतर ती वाढत नाहीं, उतारवयांत तर घटतच जाते. म्हातारपणीं, विशेषतः स्त्रियांचें, जरा पाय घसरतांच खुब्याचें हाड मोडतें, त्याचा हिशेब पुष्कळदां शाळेच्या दिवसांपर्यंत मागें जातो. चुन्यासाठीं महागडीं औषधें नकोत. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, गाईच्या तेवढ्याच दुधांत १२० च्या आसपास. तांदळांत अगदींच थोडें. गरिबाची भाकर म्हणून ज्या नाचणीला आपण ताटांतून उठविलें, तिची ही योग्यता आहे.

परंतु नुसता चुना खाऊन भागत नाहीं; तो आंतड्यांतून रक्तांत नीट शोषला जाण्यास ड जीवनसत्त्व लागतें, आणि तें मुख्यतः अंगावर ऊन पडल्यानें त्वचेंत तयार होतें. त्याच्या अभावीं मुलांना मुडदूस होतो. हाडें मऊ राहून पाय वांकतात. थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरांना जपानांत हा रोग आढळला नाहीं, इंग्लंडांत मात्र तो पुष्कळ होता. निरनिराळ्या देशांची माहिती जमवून त्यांनीं १८९० सालीं लिहिलें कीं, याचें मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावांत आहे. १९२२ सालीं हचिसन व शहा यांनीं आपल्या नाशिककडील पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यांतही हेंच दिसलें: उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांपेक्षां पडद्यांत राहणाऱ्या सुखवस्तु घरांत मुडदूस अधिक. पडदा गेला, तरी दिवसभर वर्गांत व सायंकाळीं शिकवणींत बसणाऱ्या मुलीला ऊन कोठून मिळणार? खिडकीच्या कांचेआडून आलेल्या उन्हाचा या कामीं उपयोग होत नाहीं.

चकतीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. मूल पडून सांध्याजवळ सूज आली, तर मुरगळलें असें समजून चोळूं नये. तेथें चकतीलाच इजा झालेली असूं शकते, व ती नीट बसविली न गेल्यास तो हात किंवा पाय आंखूड वा वांकडा वाढतो. अशा वेळीं पुष्कळ पालक प्रथम हाडवैद्याकडे धांव घेतात. त्यांच्यापैकीं कित्येकांच्या हातांत कसब असतें हें आम्ही नाकारीत नाहीं. भीति आहे ती कामट्या लावून करकचून बांधलेल्या पट्टीची. आंत सूज वाढत असतां वरून पट्टी आवळलेली राहिली, तर स्नायूंना रक्त मिळत नाहीं व कांहीं तासांतच ते मरूं लागतात. १८८१ सालीं फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्यांनीं वर्णन केलेलें हाताचें पंगुत्व असेंच येतें. बोटें जन्माचीं आंकडतात. कोंपराजवळ हाड मोडलेल्या मुलांत हा धोका विशेष असतो. पट्टी बांधणारा कोणीही असो, प्लॅस्टर इस्पितळांतलें कां असेना. बोटें थंड, फिकट किंवा निळसर पडलीं, बधिर झालीं, दुखणें थांबण्याऐवजीं वाढतच चाललें, किंवा बोट हलकेंच सरळ करतांच मूल किंचाळलें, तर बंधन तत्काळ त्वचेपर्यंत सैल करवावें आणि मध्यरात्र असली तरी इस्पितळ गांठावें. सकाळची वाट पाहूं नये.