फडातून मांडवात

बीड जिल्ह्यात कुटुंबं एकत्र येतात ती उन्हाळ्यात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कारखान्यांचा गाळप हंगाम सरला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मागे राहिलेल्या आजी-आजोबांचं घर तेव्हा कुठं भरतं.

मग लग्नं, जावळं, जत्रा एकाच झपाट्यात. अक्षय तृतीयेला पितरांसाठी पाण्याची घागर, पानात आमरस नि कुरडया. जत्रेत कुस्त्या रंगतात, सोयरे-धायरे एका पंगतीला बसतात आणि नव्या सोयरिकीही तिथंच जुळतात.

सहल म्हणजे बहुधा देवदर्शन: परळीचा वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी. सौताड्याचा धबधबा मात्र पावसाळ्यातच पाहावा. उन्हाळ्यात तिथं नुसता कातळ.

या आनंदाला कर्जाची किनार आहे. लग्नाचा खर्च अनेकदा टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून भागतो आणि ती पुढच्या हंगामात कोयत्यानेच फेडावी लागते.