महालांचे कुळ कोणते?

कंधारच्या किल्ल्यात शाळेची सहल आली, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, हा किल्ला हिंदूंचा की मुसलमानांचा?" गुरुजी बहुधा राष्ट्रकूटांचे नाव सांगून मोकळे होतात. ते खोटे नव्हे; परंतु पुढे बहमनी आणि निजामशाही अमलात त्याच तटाआड महाल उठले, ते या उत्तरात कोठे बसवावयाचे?

स्पेनमधील सेव्हिल नगरीत हा प्रश्न विचारणाऱ्याची पंचाईतच होईल. १२४८ मध्ये ख्रिस्ती सैन्याने ती मुसलमानांकडून जिंकली. त्यानंतर शतकभराने, १३६४ च्या सुमारास, कॅस्टाइलचा राजा पहिला पेद्रो याने तेथे आपला प्रासाद बांधविला, तो मुसलमानी शैलीत आणि त्या परंपरेतील कारागिरांच्या हातून. दर्शनी भागावर राजाची बिरुदे कॅस्टिलियन भाषेत कोरली आहेत. आणि त्यांच्याच मधोमध, कूफी लिपीत, ग्रॅनडाच्या सुलतानांचे ब्रीद. जिंकलेल्यांची कमान विजेत्याला लाज वाटावी अशी वाटली नाही. ती त्याला राजवैभवाची खूण वाटली.

आपल्याकडे तरी निराळे काय घडले? १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना पाहावा. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि पाकळ्यांच्या महिरपी थेट मोगली वळणाच्या आहेत. १७६० मध्ये उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले. पण म्हणून पुण्यात कोणी महिरपी उतरविल्या नाहीत. दिवाणखाना, दरवाजा, बुरूज, हौद हे शब्द ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने या वस्तूही आल्या. (शब्दांचे कुळ मात्र आपण सहसा विचारीत नाही.) पणजीतील आदिलशहाच्या वाड्यात तर १७५९ पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय सुखाने नांदले.

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. "आपले" आणि "त्यांचे" अशी वाटणी झाली, की "त्यांच्या" महालाची कमान ढासळताना कोणी हळहळत नाही. लातूरकडे १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींची लोकांनी धास्ती घेतली, ती रास्तच होती. मात्र अशी घरे उतरवताना त्यांतील सुरूचे खांबही जुन्या लाकडाच्या भावाने जातात. ज्या गुरुजींच्या गावात असा एखादा वाडा अजून उभा असेल, त्यांनी पुढच्या सहलीआधी मुलांना तेथे न्यावे, आणि खांबांची चित्रे वहीत काढून घ्यावीत.