नमुना क्रमांक ४९९१

२०२०च्या सुरुवातीला वुहानच्या बातम्यांबरोबर व्हॉट्सॲपवर योगायोगही धडकू लागले. डीन कून्ट्झच्या एका जुन्या थरारकथेत ‘वुहान-४००’ नावाचं जैविक अस्त्र आहे, आणि कादंबरी १९८१ची! छापील पानाचा फोटो घरोघर पोचला. १९८१च्या आवृत्तीत त्या अस्त्राचं नाव ‘गोर्की-४००’ होतं, १९८९मध्ये ते वुहान झालं, हा खुलासा मात्र फार कुणी पुढे ढकलला नाही. १८ ऑक्टोबर २०१९ला न्यूयॉर्कमध्ये काल्पनिक कोरोना साथीची रंगीत तालीम झाली आणि त्याच दिवशी वुहानमध्ये लष्करी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. हे खरंच आहे, पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तितकंच खरं. शास्त्रज्ञही यातून सुटले नाहीत. नव्या विषाणूतले चार छोटे तुकडे एचआयव्हीशी जुळतात, असा शोधनिबंध दिल्लीतल्या काही संशोधकांनी ३१ जानेवारीला ऑनलाइन टाकला. इतके चिमुकले तुकडे वाटेल तिथे जुळतात, हे इतरांनी दाखवून दिल्यावर दोन-तीन दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

या ढिगाऱ्यात एकच धागा चिवट निघाला.

३ फेब्रुवारी २०२०ला ‘नेचर’मध्ये वुहान विषाणुविज्ञान संस्थेच्या शी झंगली आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. नव्या विषाणूशी ९६.२ टक्के जुळणारा वटवाघळातला विषाणू आपल्याकडे आहे, असं त्यात होतं. नाव ‘आरएटीजी१३’. तो युन्नान प्रांतातला, एवढंच सांगितलं होतं. जगातल्या सर्वांत चर्चेतल्या विषाणूच्या जवळच्या भाऊबंदाची ओळख एका ओळीत आटोपली होती! काही चौकस वाचकांनी त्याच्या जनुकक्रमाचा छोटा तुकडा जुन्या नोंदींशी ताडून पाहिला, तर त्याच संस्थेनं २०१६मध्ये छापलेल्या ‘४९९१’ या नमुन्याशी तो शंभर टक्के जुळला. तो नमुना मोजियांग तालुक्यातल्या एका सोडून दिलेल्या खाणीतला होता. गावाचा पत्ता तर नव्या नावातच होता: टीजी म्हणजे टोंगगुआन, १३ म्हणजे २०१३.

ही खाण का सोडली होती, याचा माग काढणाऱ्यांत पुण्याचं एक जोडपं होतं. मोनाली रहाळकर आघारकर संशोधन संस्थेत मिथेन खाणाऱ्या जिवाणूंवर काम करणाऱ्या, राहुल बहुलीकर ‘बाएफ’मध्ये वनस्पतींच्या जनुकांवर. विषाणूंच्या बाबतीत दोघंही तसे बाहेरचेच. टाळेबंदीत त्यांनी जुने निबंध उपसले आणि मे महिन्यात खाणीतल्या २०१२च्या आजाराकडे बोट दाखवलं. त्याच सुमारास ‘द सीकर’ हे टोपणनाव घेतलेल्या पूर्व भारतातल्या एका तरुणानं चिनी प्रबंधांच्या संग्रहातून कुनमिंगच्या वैद्यकीय विद्यापीठातला २०१३चा एक प्रबंध हुडकून काढला.

तो प्रबंध वाचताना योगायोगाची गंमत उतरते. एप्रिल २०१२मध्ये सहा कामगार त्या खाणीत वटवाघळांची विष्ठा साफ करायला उतरले. काही दिवसांत ताप, खोकला, दम लागणं सुरू झालं. कुनमिंगच्या रुग्णालयात त्यांच्या छातीचे स्कॅन झाले, औषधं बदलून पाहिली, बड्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला. तिघं गेले. वटवाघळांतल्या सार्ससारख्या विषाणूचा संशय प्रबंधकारानं नोंदवला होता. शी यांनी मात्र एका अमेरिकी मासिकाला बुरशीचा संसर्ग असं कारण सांगितलं होतं.

पुण्याच्या जोडप्याचा निबंध ऑक्टोबरमध्ये ‘फ्रंटियर्स इन पब्लिक हेल्थ’मध्ये रीतसर छापून आला. १७ नोव्हेंबरला ‘नेचर’मध्ये शी यांच्या गटाची पुरवणी आली: ४९९१ आणि आरएटीजी१३ एकच, नमुना त्याच खाणीतला, तिथून सार्सच्या कुळातले आणखी आठ विषाणू मिळाले होते. कामगारांच्या रक्तनमुन्यांत मात्र नव्या विषाणूची खूण नाही, असंही त्यात होतं. माझ्या मते हौशी शोधकांची खरी कमाई इथेच आहे. कुठलीही गुप्त बातमी न मिळवता, नुसत्या नोंदी ताडून त्यांनी एका मातब्बर संस्थेला जुना तपशील उघड करायला लावला.

मग या हौशी शोधकांचा गट वाढला, ‘ड्रॅस्टिक’ हे नाव मिळालं आणि वेगही वाढला. वुहानच्या संस्थेचा विषाणूंचा विदासंच १२ सप्टेंबर २०१९पासून बाहेरच्यांना दिसेनासा झाला होता, हे त्यांनी टिपलं. सप्टेंबर २०२१मध्ये त्यांनी ‘डिफ्यूज’ प्रस्ताव जगापुढे आणला: २०१८मध्ये इकोहेल्थ अलायन्स या अमेरिकी संस्थेनं वुहानच्या संस्थेला सोबत घेऊन अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’कडे निधी मागितला होता आणि वटवाघळांच्या विषाणूंत फ्युरिन छेदस्थान (फ्युरिन हे विकर विषाणूचं प्रथिन जिथे कापतं ती जागा) घालून पाहण्याचा विचार त्यात होता. दार्पानं पैसे दिले नाहीत. पण नव्या विषाणूत नेमकं असंच छेदस्थान आहे, हे काही कादंबरीतल्या नावासारखं हसून सोडण्याजोगं नव्हतं.

तरीही प्रस्ताव म्हणजे प्रयोग नव्हे. इथून पुढे अनेकांचा तोल गेला. संकेतस्थळावरून कुणाचा फोटो नाहीसा झाला की ती व्यक्ती ‘पहिली रुग्ण’ ठरू लागली. उत्तर मिळालं नाही की तोच पुरावा, आणि उत्तर मिळालं तर ती सारवासारव. शास्त्रज्ञांना शिव्याशाप आणि धमक्या आल्या. विषाणू प्रयोगशाळेतून निसटल्याची शक्यता आधीच ‘कटकथा’ म्हणून झटकून टाकणाऱ्या मान्यवरांनीही या आगीत तेल ओतलंच, हेही नोंदवायला हवं.

ज्या खाणीवरून सगळं सुरू झालं, तिचं काय? तिथले उरलेले आठ विषाणू २०२१मध्ये प्रसिद्ध झाले, तर ते साथीच्या विषाणूपासून बरेच दूरचे निघाले. आरएटीजी१३सुद्धा सुमारे तीस हजार अक्षरांत अकराशेहून अधिक ठिकाणी वेगळा, म्हणजे निसर्गात काही दशकांचं अंतर. त्याच वर्षी लाओसच्या गुहांत ९६.८ टक्के जुळणारा ‘बनाल-५२’ सापडला आणि मोजियांगचा मान गेला. २०२२मध्ये ‘सायन्स’मधल्या विश्लेषणानं सुरुवातीचे रुग्ण वुहानच्या हुआनान बाजाराभोवती दाटलेले दाखवले. जानेवारी २०२५मध्ये सीआयएनं प्रयोगशाळेकडे कौल दिला, पण ‘कमी खात्री’चा शेरा मारून.

जून २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाचा अहवाल आला. उपलब्ध पुराव्याचं पारडं प्राण्यांकडून झालेल्या संसर्गाकडे झुकतं, पण प्रयोगशाळेची शक्यता तपासताही आली नाही आणि बादही करता आली नाही, असं त्याचं म्हणणं. सुरुवातीच्या रुग्णांमधल्या विषाणूचे शेकडो जनुकक्रम, बाजारात विकलेल्या प्राण्यांचा तपशील आणि वुहानच्या प्रयोगशाळांतल्या कामाची व सुरक्षेची माहिती या गटानं चीनकडे मागितली होती. ती त्यांना मिळालेली नव्हती.