डॉक्टर होण्याआधीची नोकरी : अमेरिकेतील ‘प्री-मेड’ विद्यार्थी पगार घेऊन रुग्णसेवेचा अनुभव कसा मिळवतात?

१८५२ साली रिबेका नावाची एक कृष्णवर्णीय तरुणी बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउनमध्ये परिचारिकेचे काम करू लागली. त्या काळी अमेरिकेत परिचारिकांसाठी औपचारिक शाळा नव्हती. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या हाताखाली तिने आठ वर्षे काम केले. तिचे काम पाहून याच डॉक्टरांनी तिला शिफारसपत्रे दिली. त्या पत्रांच्या बळावर तिला न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला आणि १८६४ साली ती पदवीधर झाली. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे हीच डॉ. रिबेका ली क्रम्पलर. तेव्हा त्या देशातून गुलामगिरी अजून संपलेली नव्हती.

आधी रुग्णाजवळ काम, त्या कामावर पोट, त्या कामातून ओळख आणि मग प्रवेश हा तिचा मार्ग होता. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी अमेरिकेत डॉक्टर होऊ पाहणाऱ्या आणि घरात पैसा किंवा ओळखी नसणाऱ्या मुलामुलींसाठी तो आजही खुला आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले आता कॉलेजच्या वयात येत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांना इथून सल्ला देणाऱ्या नातेवाइकांसाठी हा मार्ग समजून घेऊ.

प्री-मेड म्हणजे काय?

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नसते. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचे एमडी किंवा डीओ आणि त्यानंतर शाखेनुसार साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. पदवी घेताना वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्याला प्री-मेड म्हणतात. ही काही वेगळी शाखा नाही. इतिहासात पदवी घेणारी मुलगीसुद्धा जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे आवश्यक विषय पूर्ण करून अर्ज करू शकते.

आपल्याकडे एमबीबीएसची जागा नीटचे गुण आणि प्रवर्ग यांवर ठरते. वॉर्डात दोन वर्षे राबलेल्या मुलाला त्या कामाचा एक गुणही मिळत नाही. अमेरिकेत पदवीचे गुण आणि एमकॅट तर लागतातच, पण त्यासोबत प्रवेश समिती विचारते : तू आजारी माणसाजवळ कधी राहिला आहेस का? हे काम काय असते ते तू पाहिले आहेस का? एमडीच्या सामाईक अर्जात विद्यार्थ्याला आपल्या कामांच्या आणि उपक्रमांच्या १५ नोंदी करता येतात. त्यांतील तीन सर्वांत महत्त्वाच्या म्हणून निवडून त्यांवर अधिक लिहिता येते. रुग्णसेवेची विनावेतन सेवा आणि रुग्णसेवेची पगारी नोकरी असे दोन वेगळे प्रकार त्याच अर्जात छापलेले आहेत. म्हणजे पगार घेतला म्हणून अनुभव कमी दर्जाचा ठरत नाही. अनेक पालकांना नेमके हेच ठाऊक नसते.

पगाराचा मुद्दा इतका महत्त्वाचा का?

ज्याचे काका-मामा डॉक्टर आहेत, त्याला सुटीत त्यांच्यासोबत दवाखान्यात बसता येते. डॉक्टरांचे काम नुसते पाहत राहण्याला तिथे शॅडोइंग म्हणतात. ज्याच्या घरचे उत्पन्न चांगले आहे, तो उन्हाळाभर रुग्णालयात फुकट सेवा करू शकतो. पण ज्याला फी, भाडे आणि जेवण स्वतः भागवायचे आहे, तो दुकानात किंवा हॉटेलात काम करतो. अर्ज भरताना एकाकडे शेकडो तासांचा रुग्णसेवेचा अनुभव असतो, दुसऱ्याकडे नसतो. दोघांनी घाम सारखाच गाळलेला असतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार सुमारे तीन दशके वैद्यकीय प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश विद्यार्थी उत्पन्नाच्या वरच्या ४० टक्के कुटुंबांतून येत होते. पगारी रुग्णसेवेने ही दरी बुजत नाही. मात्र पोटासाठी द्यावेच लागणारे तास अर्जाच्याही कामी येतात.

कोणती कामे करता येतात?

सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट (सीएनए) : रुग्णाला उठवणे, आंघोळ घालणे, भरवणे, कपडे व बेडपॅन बदलणे, नाडी व रक्तदाब नोंदवणे ही कामे. केंद्रीय नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचे प्रशिक्षण लागते. काही राज्यांत जास्त, कॅलिफोर्नियात १६० तास. प्रशिक्षणानंतर परीक्षा असते. सर्वाधिक नोकऱ्या नर्सिंग होममध्ये मिळतात. तिथले नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, तर वृद्ध व दीर्घकाळ आजारी माणसे राहतात ते केंद्र. मेडिकेअर किंवा मेडिकेडचा निधी घेणारे केंद्र आपल्या कर्मचाऱ्याकडून या प्रशिक्षणाची फी घेऊ शकत नाही. आधी स्वतः फी भरून शिकलेल्याला वर्षभरात अशा केंद्रात नोकरी लागली, तर फी परत मिळण्याची तरतूदही आहे. म्हणून क्लासला पैसे भरण्याआधी जवळच्या केंद्रात चौकशी करा.

ईएमटी : रुग्णवाहिकेवरील प्राथमिक उपचार करणारा. साधारण दीडशे तास किंवा अधिक तासांचा अभ्यासक्रम असतो, जो अनेक कम्युनिटी कॉलेजांत एका सत्रात पूर्ण होतो. नंतर परीक्षा आणि राज्याचा परवाना. बहुतेक राज्यांत वय १८ पूर्ण लागते. सुरुवातीला बहुधा रुग्णांना एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचे काम मिळते. अपघात, धावपळ नंतर.

मेडिकल स्क्राइब : डॉक्टर रुग्णाला तपासत असताना संगणकावर नोंदी करणारा. डॉक्टर निदानापर्यंत कसा पोहोचतो हे इथे जवळून दिसते. परवाना लागत नाही, पण पगार बहुधा कमी असतो. संभाषण ऐकून आपोआप टिपण तयार करणारी संगणक प्रणाली आता आल्याने या नोकऱ्यांवर गदा येत आहे. त्यामुळे केवळ याच कामाच्या भरवशावर राहू नये.

फ्लेबॉटॉमिस्ट : तपासणीसाठी रक्त घेणारा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, नेवाडा व लुइझियाना या राज्यांत परवाना किंवा नोंदणी लागते. याखेरीज बाह्यरुग्ण दवाखान्यात मेडिकल असिस्टंट आणि रुग्णालयात रुग्णांना व्हीलचेअर-स्ट्रेचरवरून नेणारा ट्रान्सपोर्टर ही कामेही आहेत. ट्रान्सपोर्टरला बहुधा प्रमाणपत्राची गरज नसते.

एक साधी कसोटी लावा. कामात रुग्णाशी तुमचा थेट संबंध येतो का? रुग्णालयाच्या उपाहारगृहात किंवा बिलाच्या खिडकीवर काम केले तर ती नोकरी प्रामाणिकच आहे, पण ती रुग्णसेवेच्या अनुभवात मोडत नाही.

आधी व्हिसा पाहा

सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर वरील सर्व मार्ग खुले आहेत. भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना कॅम्पसवरच, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. कॅम्पसबाहेर स्वतंत्र परवानगीशिवाय काम केल्यास व्हिसाचा दर्जा जातो. एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या मुलांना एच-४ दर्जा असतो. त्या दर्जावर मुलांना पगारी काम करताच येत नाही आणि वयाच्या २१ व्या वर्षी तो दर्जाही संपतो. अशा मुलांनी रुग्णालयाच्या नियमित स्वयंसेवक योजनेत जावे. एरवी जिथे पगार दिला जातो ते काम ‘फुकट करतो’ म्हणून स्वीकारणेही अडचणीचे ठरू शकते. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय सही करू नका. शिवाय अनेक महाविद्यालये परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, हेही सुरुवातीलाच तपासा.

आणखी एक गल्लत टाळा. भारतात एमबीबीएस झालेले डॉक्टर अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी जो ‘यूएस क्लिनिकल एक्सपिरियन्स’ मिळवतात, तो वेगळा. त्याचे नियमही वेगळे.

घरातला आक्षेप

“तुला डॉक्टर करायला इथे आलो आणि तू म्हाताऱ्यांची घाण काढतोस?” हा प्रश्न आपल्या घरांत विचारला जातो आणि त्यामागे वेदना असते. ज्यांच्या आजा-पणजांवर जन्माने घाणीचे काम लादले गेले, त्यांना मुलाच्या हातात बेडपॅन बघवत नाही. ही वेदना खोटी नाही. पण फरक नीट पाहावा. लादलेल्या कामाला ना प्रशिक्षण होते, ना ठरलेला पगार, ना बाहेर पडण्याची वाट. इथे मुलगा स्वतः काम निवडतो, प्रमाणपत्र घेतो, तासाचा मोबदला घेतो आणि पुढे जातो. त्याच्या शेजारी सगळ्या वंशांची, सगळ्या थरांतली मुले तेच काम करत असतात. आयुष्यभर तेच काम करणाऱ्या सहकाऱ्यांविषयी त्याच्या मनात आदर राहिला, तर तो डॉक्टर म्हणूनही चांगला निघेल.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या वर्षी गुण सांभाळा. पदवीच्या गुणांची भरपाई कितीही अनुभवाने होत नाही. पहिल्या उन्हाळ्यात सीएनए किंवा ईएमटीचे प्रशिक्षण घ्या आणि दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक शिफ्ट करा. आठवड्याच्या शेवटी १२ तासांची एक शिफ्ट, वर्षातले ४० आठवडे, म्हणजे ४८० तास. बहुतेक महाविद्यालये तासांचा ठरावीक आकडा मागत नाहीत. पण घाईने दोन महिन्यांत गोळा केलेल्या तासांपेक्षा दोन वर्षे टिकवलेले काम अधिक बोलते. गरजेप्रमाणे शिफ्ट देणारी ‘पर डिएम’ नोकरी परीक्षेच्या दिवसांत सोयीची पडते.

कामाची वही ठेवा. तारीख, तास, काय केले, काय समजले. रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील कुठेही लिहू नका, समाजमाध्यमांवर तर मुळीच नको. १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाची माहिती संरक्षित आहे आणि तो मोडल्यास नोकरी जाऊ शकते.

कामगार म्हणून आपले हक्कही जाणून घ्या. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते यापेक्षा जास्त आहे. आठवड्याला ४० तासांपुढील कामाला सर्वसाधारणपणे दीडपट मोबदला मिळतो. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामात हिपॅटायटिस-बीची लस मालकाने मोफत द्यायची असते.

ज्या डॉक्टरांनी किंवा वरिष्ठ परिचारिकांनी तुमचे काम पाहिले आहे, त्यांना शिफारसपत्राची विनंती नोकरी सोडण्याआधीच करा. घरचे उत्पन्न कमी असल्यास एएएमसीच्या शुल्क-सवलत योजनेत एमकॅटची फी कमी होते आणि एमडीच्या सामाईक अर्जाचे शुल्क २० महाविद्यालयांपर्यंत माफ होते. ती फी भरण्याआधी घ्यावी लागते, नंतर परतावा मिळत नाही.

आपल्यातले जे तिथे आधीच डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आहेत, त्यांना एकच विनंती. दरवर्षी आपल्या वस्तीतील, आपल्या संघटनेतील एका मुलाला किंवा मुलीला आपल्या रुग्णालयातील रिकाम्या जागेची माहिती द्या आणि तिचा अर्ज तपासून द्या. ज्यांच्या घरात डॉक्टर नाही, त्यांच्याकडे नेमकी हीच गोष्ट नसते. रिबेका क्रम्पलरलाही पत्र लिहून देणारे कोणी तरी होतेच.