नोकरी करताना नागरी अभ्यासातील पदव्युत्तर शिक्षण : आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात

नागरी अभ्यास म्हटले की मुंबई, दिल्ली, हैदराबाद ही शहरे डोळ्यांसमोर येतात. आदिलाबाद येत नाही. वस्तुतः २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या पुढे होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि निर्मल, मंचिर्याल, आसिफाबाद या नव्या मुख्यालयांतही पाणी, रस्ते, वसाहती यांचे प्रश्न वाढले. हे प्रश्न हाताळणारा नगरपालिकेतील कर्मचारी बहुधा पदवीधर असतो, पण पगारावर घर चालवतो. सुमारे ३०० किलोमीटरवरील हैदराबादला दोन वर्षे राहणे त्याला परवडणारे नाही.

मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाने प्रथम एक फरक स्पष्ट करावा. नगररचनाकार घडविणारा एम.प्लॅन हा पूर्णवेळ, तांत्रिक अभ्यासक्रम आहे. नागरी अभ्यासाची एम.ए. ही सामाजिक शास्त्राची पदवी असून तिच्यात नागरी शासन, गृहनिर्माण, स्थलांतर, दारिद्र्य यांचा विचार होतो. तिच्यामुळे कोणी नगररचनाकार होत नाही. ही बाब प्रवेशानंतर कळली तर विद्यार्थ्याची दोन वर्षे आणि शुल्क दोन्ही वाया गेल्यासारखे होते.

इग्नूमध्ये दूरशिक्षणाने ही एम.ए. करता येते, नागरी नियोजन व विकास या विषयाची पदव्युत्तर पदविकाही तेथे आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षण व ऑनलाइन पदव्या नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तथापि संबंधित अभ्यासक्रमाला त्या सत्राची मान्यता आहे किंवा नाही, हे आयोगाच्या यादीत पाहिल्याशिवाय शुल्क भरू नये.

खरी अडचण भाषेची आहे. पैनगंगेच्या अलीकडे मराठी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, मराठी शाळाही आहेत. परंतु राज्य मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढता येत नाही. त्यामुळे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे केंद्र राज्याच्या सीमेपलीकडे किनवटला चालू शकते, आदिलाबादला नाही. हैदराबादचे डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८२) तेलंगणाचे आहे, पण तेथे मराठी माध्यम नाही. इग्नूची वरील एम.ए. इंग्रजीतून आहे. मराठी वा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला विषयापेक्षा उत्तरलेखनच अधिक जड जाते. कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकाची खरी गरज येथे आहे: प्रवेशापूर्वी तीन-चार महिने इंग्रजी परिच्छेद वाचून त्याचा सारांश लिहिण्याचा सराव करून घ्यावा.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. एम.ए.चे ८० श्रेयांक धरले आणि इग्नूच्या पद्धतीप्रमाणे एका श्रेयांकास ३० तास मोजले, तर २४०० तास होतात. दोन वर्षांत पूर्ण करायचे तर आठवड्याला सुमारे २३ तास, कमाल मुदतीच्या चार वर्षांत सुमारे साडेअकरा. नोकरदाराने दुसरा हिशेब धरण्यात कमीपणा नाही. सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये असतात. पालिकेत मार्च हा करवसुलीचा महिना. त्या महिन्यात अभ्यास होईल असे गृहीत धरू नये, स्वाध्याय फेब्रुवारीतच लिहून ठेवावेत. कार्यालयाची लेखी परवानगीही प्रवेशाआधी घ्यावी.

प्रकल्पाच्या विषयासाठी मात्र दूर जाण्याचे कारण नाही. कापसाच्या हंगामात बाजारपेठेकडे येणारी मजुरांची वस्ती, ओढ्याकाठची घरे, नळाला पाणी येण्याच्या वेळा यांची नोंद त्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या वाटेवरच आहे.