एकाच वाणाची केळीबाग

रावेर, यावल, चोपडा हा खानदेशातला तापीकाठचा केळीपट्टा. इथल्या शेतकऱ्याला एका पिढीपूर्वी केळीसाठी सुमारे दीड वर्ष थांबावं लागे. पावसाळ्याच्या सुरुवातीची मृगबाग असो की पावसाळा सरतानाची कांदेबाग, लागवड कंदांचीच. कंद जुन्या बागेतून यायचे आणि सोबत सूत्रकृमी, सोंडकिडा, विषाणूही घेऊन यायचे. लहानमोठ्या कंदांमुळे झाडं मागेपुढे निसवत आणि कापणी लांबत जाई.

१९९०च्या दशकात हे गणित पालटलं. जळगावच्या जैन उद्योगसमूहानं ग्रँड नैन वाणाची ऊतिसंवर्धित रोपं आणि ठिबक सिंचन ही जोडी शेतकऱ्यांपर्यंत नेली. ऊतिसंवर्धनात निरोगी, जातिवंत झाडाच्या मुनव्यातला वाढता कोंब काढून निर्जंतुक करतात आणि पोषक माध्यमावर वाढवतात. हे माध्यम मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी सिद्ध केलं होतं. एका कोंबाचे अनेक कोंब होतात, त्यांना मुळं फुटतात आणि हरितगृहात, मग शेडनेटखाली कणखर झालेली रोपं शेतात येतात.

या रोपांची बाग साधारण ११-१२ महिन्यांत कापणीला येते. पुढे पिलबाग, म्हणजे त्याच झाडांच्या पिलांवरचं पीक, नीट राखली, तर अडीच वर्षांत तीन पिकं हाती लागतात. ठिबकमधून पाण्याबरोबर विद्राव्य खतही थेट मुळाशी पोचतं. झाडं जवळजवळ एकाच वेळी निसवत असल्यानं कापणी आखता येते, पॅकहाऊस चालवता येतं, आखाताकडे कंटेनर पाठवता येतो. खानदेशची केळी परदेशी बाजारात उभी आहे ती या एकसारखेपणाच्या बळावर.

पण तोच एकसारखेपणा बागेची जोखीमही आहे. हरण्या रोग, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, कोवळ्या रोपांना चटकन गाठतो. मावा तो पसरवतो; तण आणि काकडीवर्गीय पिकं त्याला आसरा देतात. रोपांच्या विषाणू तपासणीसाठी केंद्र सरकारची प्रमाणीकरण व्यवस्था २००६पासून आहे. मात्र प्रयोगशाळेतली शुद्धता रोपाला रोगप्रतिकारक्षम करत नाही; शेतात आल्यावर राखण आपल्यालाच करावी लागते.

याहून मोठं संकट मातीत आहे. पनामा मर रोगानं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिन अमेरिकेतला ग्रो मिशेल वाण निर्यातीतून हद्दपार केला. त्याच्या जागी कॅव्हेंडिश गटातले वाण आले. आता त्या रोगाच्या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाच मारतो आणि तो बिहार, उत्तर प्रदेशापर्यंत आला आहे. ग्रँड नैन कॅव्हेंडिश आहे आणि इथला जुना बसराई वाणही त्याच गटातला. त्यामुळे मागे फिरूनही सुटका नाही. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. कंद, चिखल, अवजारं आणि वाहत्या पाण्याबरोबर फिरते.

वाट तैवाननं दाखवली. ऊतिसंवर्धनात काही रोपं मूळ वाणापेक्षा वेगळी निपजतात. एरवी ती दोष म्हणून फेकली जातात. तिथल्या केळी संशोधन संस्थेनं अशाच रोपांतून मर रोगाला तोंड देणारे वाण निवडले. म्हणजे एकसारखी रोपं घडवणारं तंत्र वेगळेपण शोधायलाही उपयोगी पडतं.

खानदेशनं हे आत्ताच मनावर घ्यायला हवं. तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र, कृषी विद्यापीठ आणि रोपं बनवणाऱ्या कंपन्यांनी सहनशील वाणांच्या चाचण्या इथल्या मातीत, इथल्या उन्हात घ्याव्यात. बाहेरून येणारे कंद आणि रोपं तपासल्याशिवाय बागेत येऊ नयेत. बागेला ११-१२ महिन्यांत फळाला आणणारं विज्ञान आपण मनापासून स्वीकारलं. ती बाग पुढच्या पिढीसाठी टिकवणारं विज्ञानही तितक्याच घाईनं मागायला हवं.