लेखांक ७ : ‘इंटरनेटवरून साभार’

छायाचित्रावरचा स्वामित्वहक्क कॅमेऱ्याची कळ दाबताच जन्माला येतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, गोलातला ‘सी’ही छापावा लागत नाही. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. लग्नासाठी पैसे देऊन छायाचित्रकार बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मात्र पहिला मालक काम देणारा ठरतो. पूर्वी हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपत असे. २०१२च्या दुरुस्तीने तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वाढला.

तरीही आषाढी वारीतल्या रिंगणाचे एखादे देखणे छायाचित्र दहा हातांतून फिरते आणि अकराव्या ठिकाणी त्याखाली ‘इंटरनेटवरून साभार’ एवढेच उरते. उन्हापावसात दिंडीबरोबर चाललेल्या छायाचित्रकाराचे नाव वाटेतच गळून पडते. आणि नाव छापले, तरी श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे.

इंटरनेटवरचे छायाचित्र मोकळेच असते, या गैरसमजाची किंमत हैतीतल्या छायाचित्रांवरून झालेल्या एका खटल्यात दिसली. १२ जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर छायाचित्रकार डॅनिएल मोरेल यांनी तिथली छायाचित्रे ट्विटरवरून जगासमोर ठेवली. दुसऱ्याच एका खात्यावरून ती उचलून एएफपी या वृत्तसंस्थेने चुकीच्या नावाने वितरित केली. ट्विटरवर टाकलेली छायाचित्रे वापरायला मोकळी असतात, हा संस्थेचा युक्तिवाद अमेरिकी न्यायालयाने फेटाळला. २०१३मध्ये ज्यूरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलर भरपाई देवविली. छायाचित्र सर्वांना दिसावे म्हणून टाकणे आणि ते कोणीही विकावे म्हणून देणे यांतला फरक या निकालाने ठळक केला.

परवानगीशिवाय वापर कधीच वैध ठरत नाही, असेही नाही. अमेरिकेत ‘फेअर यूज’ ठरवताना न्यायालय चार गोष्टी तपासते: वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. भारतातील ‘फेअर डीलिंग’ची चौकट अधिक बंदिस्त आहे. कलम ५२मध्ये खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन हे हेतू नेमून दिले आहेत. हेतू त्यांत बसला, तरी वापर रास्त हवाच. एका मल्याळी नाटकाची चिकित्सा करणाऱ्या प्रतिनाटकाच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने १९९६मध्ये घेतलेल्या मजकुराचे प्रमाण व मोल, हेतू आणि मूळ नाटकाशी स्पर्धेची शक्यता पाहिली, आणि प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला.

चित्रफितींबाबत ‘दहा सेकंद चालतात’ हा समज सर्रास आढळतो. असा आकडा कायद्यात कुठेच नाही. एका प्रसंगाची मांडणी उलगडण्यासाठी समीक्षकाने दाखवलेला तुकडा बचावू शकतो; त्याहून छोटा, पण सामन्याचा निर्णायक क्षण नुसता प्रेक्षक ओढण्यासाठी वापरला, तर अडचण होते. यूट्यूबची स्वयंचलित जुळणी हा हेतू ओळखत नाही, त्यामुळे प्रामाणिक समीक्षाही कधी कधी अडकते.

उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. छायाचित्रासोबत डिजिटल स्वरूपात जोडलेली कर्त्याची वा मालकाची माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५ब खाली स्वतंत्र गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.